घराण्यातला आजार की घरातला? – डॉ. बारूक ब्लुमबर्ग



२८ जुलैला बऱ्याच शाळांत परिपाठात एक ओळ वाचली जाते : आज जागतिक हिपॅटायटिस दिन. पुढे कावीळ, उकळलेलं पाणी, उघड्यावरचे पदार्थ असं काहीतरी सांगितलं जातं आणि मुलं वर्गात जातात. पण २८ जुलै ही तारीख एका माणसाचा वाढदिवस आहे म्हणून निवडली गेली, आणि त्या माणसाने ज्या काविळीचा छडा लावला ती पाण्यातून पसरतच नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. आजचा पाठ त्या माणसावर, म्हणजे डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांच्यावर.

त्याआधी एक नेहमी ऐकू येणारी गोष्ट. एखाद्या घरातला कर्ता पुरुष पन्नाशीच्या आत पोटात पाणी होऊन जातो. पाच-सात वर्षांनी मोठा मुलगा तसाच जातो. मग धाकट्याच्या सोनोग्राफीत लिव्हर खराब निघतं. यातल्या एकानेही कधी दारूला हात लावलेला नसतो, तरी लोक आधी दारूवरच बोट ठेवतात. ते जमलं नाही की म्हणतात, त्यांच्या घराण्यातच आहे ते. कुणी पितृदोष सांगतं, कुणी कुलदैवताचं काही राहिलंय म्हणतं. शिकलेली माणसं तेच जरा वेगळ्या शब्दांत बोलतात : जेनेटिक असेल. अर्थ एकच, की आता इलाज नाही, नशिबात आहे ते भोगायचं.

गंमत म्हणजे ब्लुमबर्गसुद्धा आधी हेच समजले होते, आणि तेही भरपूर पुरावे गोळा करून. ते या समजातून बाहेर कसे आले, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट.

ब्लुमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील मेयर हे वकील, आईचं नाव आयडा. दोन्हीकडचे आजी-आजोबा युरोपातून आलेले ज्यू. बारूकला घरात आणि मित्रांत सगळे बॅरी म्हणत. प्राथमिक शिक्षण ज्यूंच्या धार्मिक शाळेत झालं. तिथे नेहमीच्या विषयांबरोबर हिब्रू भाषा आणि जुने धर्मग्रंथ शिकवत. त्या ग्रंथांवर एका ओळीचे पाच अर्थ काढून वाद घालायची पद्धत असते. एकाच गोष्टीकडे चार बाजूंनी बघायची सवय आपल्याला तिथे लागली, असं ते पुढे सांगत. नंतर ते फार रॉकअवे हायस्कूलमध्ये गेले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन हेही याच शाळेचे विद्यार्थी. बर्टन रिक्टर धरले तर या एका सरकारी शाळेने तीन नोबेलविजेते दिले. सरकारी शाळेत शिकवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४३ मध्ये ते नौदलात गेले, तिथे असतानाच युनियन कॉलेजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या जहाजांवर अधिकारी म्हणून काम केलं. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठात गणिताच्या उच्च शिक्षणासाठी नाव घातलं, पण तिथे मन रमलं नाही. वडिलांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायचं सुचवलं आणि १९४७ मध्ये ते कोलंबियाच्याच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९५१ मध्ये डॉक्टर झाले.

मधल्या काळात एक प्रवास घडला. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मध्ये त्यांच्या एका प्राध्यापकांनी त्यांना काही महिने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला पाठवलं. सुरीनाम तेव्हा डच वसाहत होती. मोएंगो नावाचं खाणकामगारांचं गाव, भोवती जंगल, जायचं तर नदीतून. तिथे त्यांनी बाळंतपणं केली, रोगी तपासले, मलेरियाची पाहणी केली. उसाच्या मळ्यांसाठी डच लोकांनी जगभरातून मजूर आणलेले होते. त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज होते, जावा बेटावरचे होते, चिनी होते आणि आपल्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे गिरमिटियाही होते. पहिलं गिरमिटिया जहाज तिथे १८७३ मध्ये लागलं होतं. एकाच गावात, एकाच डासांच्या सहवासात राहणाऱ्या या लोकांत हत्तीरोगाच्या जंतूंचं प्रमाण मात्र गटागटाने वेगळं दिसत होतं. तरुण ब्लुमबर्ग यांच्या डोक्यात प्रश्न शिरला : एकाच परिस्थितीत एक माणूस आजारी पडतो, दुसरा पडत नाही, असं का? त्यांना उत्तर वाटलं, रक्तातल्या जन्मजात फरकांमुळे. पुढची पंधरा वर्षं ते याच उत्तराच्या मागे होते.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दोन वर्षं काढली. गोरगरिबांचं ते मोठं रुग्णालय, दाराशी आलेल्याला परत पाठवायचं नाही अशी तिथली रीत. १९५४ मध्ये जीन लिबेसमन यांच्याशी लग्न झालं. त्या चित्रकार होत्या. त्यांना चार मुलं झाली. मग इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केली, १९५७ मध्ये. त्याच वर्षी नायजेरियाला जाऊन त्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले आणि तेव्हापासून नमुन्यांचा छंदच लागला म्हणा ना. अमेरिकेत परत आल्यावर राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरी धरली. पॅसिफिकमधली बेटं, अलास्का, आफ्रिका, जिथे जाता येईल तिथे जायचं, नाहीतर तिथल्या संशोधकांकडून नमुने मागवायचे. हजारो कुप्या फ्रीजरमध्ये साठल्या. प्रत्येकीवर लेबल, प्रत्येकीची वहीत नोंद. ही नोंदीची शिस्त नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता प्रयोगाकडे येऊ. वर्गात सांगण्याजोगा आहे. ज्याला आयुष्यात पुष्कळ वेळा दुसऱ्यांचं रक्त चढवलं गेलंय, त्याच्या शरीराने परक्या रक्तातल्या वेगळ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार केलेल्या असणार. म्हणजे अशा रुग्णाचा सीरम, रक्तातला वरचा पिवळसर द्रव, हा जणू एक शोधक झाला. बशीत जेलीसारखं अगार ओतायचं. मध्यभागी एक खळगा, भोवती काही खळगे. मधल्या खळग्यात शोधक सीरम, भोवतीच्या खळग्यांत जगभरातल्या लोकांचे सीरम. द्रव जेलीतून हळूहळू पसरतात. जिथे प्रतिपिंड आणि त्याला जुळणारं प्रथिन एकमेकांना भेटतात, तिथे एक पांढरी रेघ उमटते. भेट झाली नाही तर रेघ नाही. इतकं साधं.

१९६३ च्या सुमारास हार्वे ऑल्टर हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करत होते. (याच ऑल्टरना पुढे २०२० मध्ये हिपॅटायटिस सी बद्दल नोबेल मिळालं.) न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा सीरम त्यांनी चोवीस जणांच्या सीरमशी लावून पाहिला. एकाच ठिकाणी रेघ आली. तो नमुना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा होता. रेघही नेहमीपेक्षा वेगळी, स्निग्धांशाचा रंग फारसा न घेणारी. न्यूयॉर्कचा रुग्ण आणि ऑस्ट्रेलियाचा आदिवासी, यांचा एकमेकांशी संबंध तो काय? त्या प्रथिनाला त्यांनी ऑस्ट्रेलिया अँटिजेन असं नाव दिलं. ते काय आहे हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं, आणि काविळीचा तर विचारही मनात नव्हता.

मग सुरू झालं फ्रीजर उपसणं. निरोगी अमेरिकन लोकांत हे प्रथिन हजारात एखाद्याकडेच सापडे. आशियात, आफ्रिकेत, पॅसिफिक बेटांवर मात्र कितीतरी जणांकडे. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांतही जास्त. १९६४ मध्ये ब्लुमबर्ग फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस भागातल्या कर्करोग संशोधन संस्थेत गेले, ते हेच कोडं घेऊन.

आता कुटुंबांचा भाग, जो मला या चरित्रातला सगळ्यात मोलाचा वाटतो. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या कुटुंबांचे नमुने त्यांनी तपासले. आई, बाप, मुलं असे तक्ते मांडले. दिसलं काय? हे प्रथिन घरागणिक एकत्र येतंय. एका घरात तिघा-चौघांत, शेजारच्या घरात कुणातच नाही. आणि आकडे मेंडेलच्या अप्रभावी गुणाच्या गणिताशी जुळत होते! आपण दहावीला फळ्यावर वाटाण्याचे चौकोन काढून शिकवतो ना, तेच गणित. १९६६ मध्ये त्यांनी तसं प्रसिद्धही केलं, की हा आनुवंशिक गुण दिसतो. रक्तगट जसा आईबापांकडून येतो तसं हे.

इथे थांबून मुलांना विचारावं. जे घराण्यात चालतं ते सगळं जनुकांतून येतं का? घरात आपण काय काय वाटून घेतो? आडनाव, बोलीभाषा, एकच चूल, एकच दाढीचं ब्लेड, एकाच आईचं पोट. कुटुंबाच्या तक्त्यात जनुक आणि संसर्ग दोन्ही सारखेच दिसू शकतात. तक्ता स्वतः काही बोलत नाही.

तडा गेला तो वेगळ्याच बाजूने. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना रक्ताचा कर्करोग व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून ब्लुमबर्ग यांच्या गटाने त्यांचं रक्त तपासलं. मोठ्या वसतिगृहासारख्या संस्थांत दाटीवाटीने ठेवलेल्या मुलांत हे प्रथिन बऱ्याच जणांकडे निघालं. आपापल्या घरी राहणाऱ्यांत मात्र कमी. मुलं जन्मतः तीच, फरक फक्त राहण्याच्या जागेचा. मग १९६६ मध्ये एका तरुण रुग्णाच्या रक्तात आधी नसलेलं प्रथिन पुढच्या तपासणीत सापडलं. जन्मजात गुण असा मध्येच कसा उगवेल? रक्तगट काय मेमध्ये ए आणि जूनमध्ये बी असतो? त्याला दवाखान्यात ठेवून बारकाईने तपासलं, तर यकृताला सूज आलेली. कावीळ!

दुसरा पुरावा थेट प्रयोगशाळेतून आला. बार्बरा वर्नर ही तिथली तंत्रज्ञ, हे प्रथिन शुद्ध करण्याचं काम तीच करायची. १९६७ च्या एप्रिलमध्ये तिला थकवा वाटू लागला, बरं वाटेना. तिचं रक्त नेहमी निगेटिव्ह यायचं. तिने स्वतःचाच सीरम जेलीत लावला आणि रेघ उमटली. पुढे कावीळही दिसू लागली. या चाचणीने विषाणूजन्य कावीळ ओळखलेल्या पहिल्या काही माणसांत तिचा नंबर लागतो, आणि ओळखणारीही तीच. ती पूर्ण बरी झाली. ब्लुमबर्ग यांचं नाव सगळीकडे येतं, पण या मुलीचं नाव मुलांना आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

तर ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे कुणाच्या वंशाची खूण नव्हती. ते एका विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं प्रथिन होतं. रक्तातून पसरणाऱ्या काविळीला डॉक्टर आधीपासून बी म्हणत होते, तिचा हा विषाणू. टोकियोचे डॉ. ओकोची आणि न्यूयॉर्कचे डॉ. प्रिन्स यांनी आपापल्या तपासणीत याला दुजोरा दिला. पुढे रक्तदात्यांचं रक्त याच खुणेवरून तपासलं जाऊ लागलं आणि रक्त चढवल्यामुळे होणारी ही कावीळ झपाट्याने घटली. आपल्या रक्तपेढ्यांतही प्रत्येक बाटलीची ही तपासणी सक्तीची आहे.

ब्लुमबर्ग यांनी आनुवंशिकतेची कल्पना एका रात्रीत टाकली असं मात्र नाही. चरित्रं लिहिताना हे नेहमी झाकलं जातं, म्हणून मुद्दाम लिहितो. विषाणू सापडल्यावरही १९६९ मध्ये त्यांनी मांडलं की संसर्ग टिकून राहण्याची प्रवृत्ती तरी जनुकांतून येत असावी. अर्धा संसर्ग, अर्धा वारसा अशा या प्रकाराला त्यांनी आयक्रॉन असं एक नवं नावही देऊन पाहिलं. ते काही टिकलं नाही. कारण पुढच्या वर्षांत जसजशी जास्त कुटुंबं तपासली गेली, तसतशी एक गोष्ट ठळक झाली. अशा गुणात बाप बाधित असो की आई, मुलांवरचा परिणाम सारखाच दिसायला हवा. इथे आई बाधित असेल तर मुलं बाधित असण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे मामला बाळंतपणाच्या वेळचा होता.

जपानमध्ये ओहबायाशी, ओकोची आणि मायुमी यांनी १९७२ मध्ये अशाच कुटुंबांचा अभ्यास छापला. एकाच घरात लक्षणं नसलेले वाहक, यकृताचे जुनाट रोगी आणि यकृताच्या कर्करोगाचे रोगी एकत्र सापडत होते. सेनेगलमध्ये ब्लुमबर्ग यांच्याच गटाने फ्रेंच डॉक्टरांबरोबर यकृताच्या कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे आईवडील तपासले. रोग्यांच्या आयांमध्ये हे प्रथिन इतरांच्या आयांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. बापांच्या बाबतीत तसं चित्र नव्हतं. तैवानमध्ये पामर बीस्ली आणि क्लॅड स्टीव्हन्स यांनी बाधित आयांची बाळं जन्मापासून पाहिली आणि आईकडून बाळाकडे जाण्याचा मार्ग दाखवून दिला. बीस्ली यांनी पुढे बावीस हजारांहून अधिक सरकारी नोकरांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. वाहकांमध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दोनशे पट निघाला.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या घराकडे परत येऊ. एक तर घरातल्या कुणालातरी हा विषाणू लहानपणीच मिळालेला असतो, बहुतेक वेळा आईकडून. मोठेपणी संसर्ग झाला तर शंभरातल्या पंच्याण्णवांचं शरीर विषाणू बाहेर काढतं. पण जन्माच्या वेळी झाला तर उलटं. शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. बाळाला कावीळ होत नाही, ताप येत नाही, काहीच कळत नाही. ते मोठं होतं, शाळेत जातं, कबड्डी खेळतं, लग्न करतं. तीस-चाळीस वर्षांनी लिव्हर आकसायला लागतं, नाहीतर गाठ निघते. तोवर मुलगी असेल तर तिची बाळंतपणंही होऊन गेलेली असतात. अशी ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि लोक म्हणतात, घराण्यात आहे. त्यात आईला स्वतःला त्रास नसेल तर तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. अर्थात यात तिचा दोष कणभरही नाही. तिलाही तो तिच्या जन्माच्या वेळीच मिळालेला असू शकतो. वर्गात किंवा पालकसभेत हे सांगताना शब्द जपून वापरावेत, कारण सुनेला बोल लावायला आपल्याकडे निमित्तच लागतं.

घरात पसरण्याच्या बाकीच्या वाटा म्हणजे एकमेकांचं दाढीचं ब्लेड, टूथब्रश, न उकळलेल्या सुया, उघड्या जखमा. नवरा-बायकोतही संसर्ग होतो. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू सात दिवससुद्धा तग धरतो. पण एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका बाकावर बसल्याने तो जात नाही. म्हणून एखादं मूल बाधित आहे असं कळलं तर त्याला वेगळं बसवायचं, डबा खाऊ द्यायचा नाही, हे साफ चूक आहे. ज्या काविळीत पाणी उकळून प्यायचं ती ए आणि ई प्रकारची. त्या येतात आणि बहुतेक वेळा जातात. मंतरलेली माळ घालून जी कावीळ उतरली असं वाटतं, ती याच जातीची, माळ नसती तरी उतरणारच होती. पण बी मध्ये डोळे पिवळे न होताच नुकसान चालू असतं. तिथे माळेपायी वर्षं वाया जातात.

आणि हीच त्या चुकीच्या उत्तरातून निघालेली सगळ्यात मोठी कमाई. जनुक असता तर करण्यासारखं फार थोडं होतं. विषाणू आहे म्हटल्यावर लस करता येईल. ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी आयर्विंग मिलमन यांनी एक चमत्कारिक कल्पना मांडली. बाधित माणसाच्या रक्तात विषाणूची रिकामी कवचं अमाप फिरत असतात. आत काही नसल्याने ती रोग पसरवू शकत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र करून देऊ शकतात. ती कवचं गाळून घ्यायची आणि त्यांचीच लस करायची. १९६९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. लस बनवायची तर जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो अशी तेव्हाची रीत. हा विषाणू तर तसा वाढतच नव्हता. त्यामुळे लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. शेवटी मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी रक्तातून कवचं शुद्ध करण्याची कडक पद्धत बसवली, वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमध्ये हजाराहून अधिक स्वयंसेवकांवर चाचणी घेतली, १९८० मध्ये तिचे निकाल आले आणि १९८१ मध्ये लसीला परवानगी मिळाली. १९८६ पासून यीस्टमध्ये तयार केलेली लस आली, तिच्यात माणसाचं रक्त लागत नाही.

दरम्यान १९७६ मध्ये ब्लुमबर्ग यांना कार्लटन गाजदुसेक यांच्याबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. या काळात त्यांना एक वेगळीच काळजी लागली होती. चाचणी आली तशी समाजात वाहक नावाची नवी जात तयार झाली. काल जो माणूस निरोगी होता तो आज कागदावरच्या एका शब्दामुळे नोकरीत, लग्नात नकोसा होऊ लागला. ज्या चाचणीने हजारोंचे प्राण वाचवले तिनेच काहींचं जगणं अवघड केलं, हे त्यांना बोचत होतं, आणि वाहकांच्या या प्रश्नावर त्यांनी लिहिलंही. शास्त्रज्ञाने हा विचार करावा हे मला त्यांच्या नोबेलइतकंच मोठं वाटतं.

तैवानने १९८४ मध्ये बाधित आयांच्या नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, नंतर सगळ्याच बाळांना. काही वर्षांनी तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झाल्याचं दिसलं. लसीने कर्करोग टळतो याचा हा पहिला ढळढळीत पुरावा. भारतात ही लस आधी परदेशातून यायची आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडायची नाही. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली, मग इतरही आले, त्यात आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही होती, आणि किंमत उतरली. २००२ च्या सुमारास काही भागांत सरकारी लसीकरणात तिचा समावेश झाला, २०११ मध्ये देशभर.

पालकांनी एक गोष्ट आजच करावी. मुलाचं लसीकरण कार्ड काढून बघा. हिपॅटायटिस बी चा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. कार्डावर तो बीसीजीच्या आसपास, जन्माच्या रकान्यात दिसेल. नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाच्या इंजेक्शनमध्ये तो असतोच. चोवीस तासांचा आग्रह एवढ्यासाठी, की आईकडून विषाणू आलाच असेल तर त्याने घर करायच्या आत शरीर तयार व्हावं. आई बाधित असल्याचं आधीच माहीत असेल तर बाळाला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं आणखी एक इंजेक्शन देतात, म्हणून गरोदरपणातली तपासणी टाळू नये. अशी आई बाळाला अंगावर पाजूही शकते. आणि घरात कुणाला लिव्हरचा जुना आजार निघाला तर भावंडं, मुलं, नवरा-बायको सगळ्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं. एचबीएसएजी नावाची साधी चाचणी आहे. ती शोधते ते प्रथिन म्हणजेच ब्लुमबर्ग यांचं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. निगेटिव्ह आलेल्यांना, गरज असेल तर, लस घेता येते. पॉझिटिव्ह आलेल्यांना विषाणू दाबून ठेवणारी औषधं आहेत, ती कुणाला कधी लागतात ते डॉक्टर ठरवतात.

ब्लुमबर्ग पुढे १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजचे प्रमुख झाले. ज्या कॉलेजात विद्यार्थी म्हणून गेले होते तिथेच. तिथे या जागेवर बसणारे ते पहिले अमेरिकन. चौऱ्याहत्तरीला आल्यावर, माणसं देवदर्शनाला निघतात त्या वयात, हे गृहस्थ नासाच्या नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का, याचा शोध घेणारी ती संस्था. मधल्या वर्षांत सुटीच्या दिवशी ते शेतावर जात. दुपारभर शेण उपसलं की डोक्याच्या कामाला चांगला उतारा मिळतो, असं त्यांचं मत होतं. शेतकरी पालकांना हे वाचून हसू येईल.

५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात एका परिषदेला ते गेले होते. भाषण झालं, आणि थोड्याच वेळात त्यांचं निधन झालं. वय ८५. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने हिपॅटायटिस दिनासाठी त्यांच्या जन्माची तारीख ठरवली होती. २८ जुलैला तो पहिल्यांदा पाळला गेला २०११ मध्येच, ते गेल्यानंतर पावणेचार महिन्यांनी. आपल्या सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ मध्ये याच तारखेला सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.